मोहाखाली

राखेच्या बुधवारी मी चहा सोडला.
गुरुवारी सकाळपर्यंत साऱ्या टोलीला ते ठाऊक होतं.
पोस्टमन म्हणाला, गुरुजी, अर्धा कप?
मी हात जोडले, चाळीस दिवस नाही म्हणालो,
आणि 'चाळीस' हा शब्द
गुळाच्या खड्यासारखा थोडा वेळ जिभेवर ठेवला.

मी मंडळीचा पंच. वर्गणीची वही माझ्याकडे,
चर्चची किल्ली माझ्याकडे, पेटीही मीच वाजवतो.
उपवासकाळातल्या बुधवारच्या प्रार्थनेला
कोण आलं नाही, ते डोळे मिटूनही मला कळतं.
यंदा तीन बुधवार
रूथाबाई जनबंधू नव्हती.

गेलो तिच्या दारी. समज द्यायला.
म्हणजे, प्रेमानं.
दाराला कडी. अंगणात चटईवर
मोहफुलं वाळत घातलेली, किसमिसासारखी तांबूस,
आणि तो वास,
ज्या वासावर मी एकदा पंचांपुढे अर्धा तास बोललो होतो:
मोह वेचते, कुरखेड्याच्या बाजारात विकते,
त्याची पुढं दारू होते,
प्रभुभोजनाच्या यादीतून हिचं नाव काढावं.
काढलं होतं. दीड वर्ष.
ती मागच्या बाकावर बसायची,
प्याला पुढं सरकला की
मांडीवरच्या नातवाचे केस नीट करायची.
त्याच वर्षी चर्चवर नवे पत्रे पडले.
वहीत तिच्या नावापुढं अकराशे रुपये आहेत.
अक्षर माझंच.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो.
मदतीला, असं मनाला सांगितलं.
मनानं वाटेतच रविवारची साक्ष जुळवायला घेतली:
'प्रिय बंधुभगिनींनो, मी, एक निवृत्त मुख्याध्यापक…'

झाडाखालची भुई तिनं पालापाचोळा जाळून साफ केलेली.
काळ्या राखेवर फिकट पिवळं फूल पडायचं,
मग आणखी एक.
मी कमरेत वाकलो. पन्नासेक फुलं झाली असतील.
कंबर धरून उभा राहिलो,
कोणी पाहतंय का, ते पाहिलं.

"गुरुजी, वाकून नाही होत जी," ती म्हणाली.
"बसा ना भुईवर. बसल्याबिगर मोह सरत नाही."

बसलो. पांढऱ्या पायजम्यासकट.
गुडघ्यांना राख, ढोपरांना, तळहातांना.
त्या बुधवारी पाळकसाहेबांनी कपाळावर लावली होती
बोटाच्या टोकानं, बेताची;
ती मी आरशात पाहिली
आणि रात्रीपर्यंत पुसली नव्हती.
ही कोणी लावली नाही.

मी स्वच्छ फुलं वेचत होतो. ती सगळी.
चेंगरलेली, मुंग्या लागलेली, गाईनं तुडवलेली,
एक फुंकर, आणि टोपलीत.
पलीकडं पळस एवढा लाल झाला
की ऊन आलं हे कळलं.

"रूथाबाई," मी म्हणालो, खाली पाहत,
"त्या यादीचं… ते दीड वर्ष…"

तिचा हात थांबला नाही.
"दीड नाही जी. वीस महिने."
मग थोड्या वेळानं,
"तिकडे बुडाशी राह्यले पाहा."

मी बुडाशी सरकलो.

टोपली भरल्यावर तिनं बाटलीतला कोरा चहा
स्टीलच्या झाकणात ओतला, माझ्यापुढं धरला.
तिला माझा उपास ठाऊक नव्हता.
साऱ्या टोलीत एकटीला नव्हता,
कारण त्या वेळी ती इथं असायची.
चाळीस हा शब्द जिभेपर्यंत आला.
झाकणाच्या काठाला तिच्या बोटाची राख लागली होती.
मी प्यायलो. कोमट होता, फार गोड.

रविवारी साक्ष दिली नाही.
मागच्या बाकावर बसावं असंही मनात आलं,
पण तेही लोकांना दिसलं असतं,
म्हणून पेटीपाशीच बसलो
आणि दोनदा सूर चुकलो.

पोस्टमन अजून विचारतो,
गुरुजी, किती दिवस राह्यले?
मी मोजून सांगतो.
खरं काय ते उद्या सांगीन म्हणतो.
पायजमा दोनदा धुतला,
गुडघ्यावरचं काळं काही निघत नाही.