आठवा

औलूमधल्या आमच्या घरात
सगळ्यात शांत जागा म्हणजे कोटांचं कपाट.
लोकर प्रतिध्वनी गिळते.
मंगळवारी रात्री पोरं झोपली की मी आत शिरते,
बुटांच्या खोक्यावर माइक, गुडघ्यावर वही,
आणि दार ओढून घेऊन
न दिसणाऱ्या माणसांना गणित सांगते.

किती माणसं? वेन्ला म्हणते, तीनशे बारा.
त्यातली काही झोप यावी म्हणून ऐकतात.
चालेल. मूळसंख्यांनी पुष्कळांची झोप उडवली,
एखाद्याला दिली तर बिघडलं काय.

त्या आठवड्यात हात मिळवण्याबद्दल बोलले.
कुठेही जा, म्हटलं, लग्नाला नाहीतर मयतीला,
विषम वेळा हात मिळवलेली माणसं मोजा.
ती नेहमी सम भरतात.
कुणी रुसून कोपऱ्यात बसो, कुणी जेवणाआधी निघून जावो,
सम.
कारण हात मिळाला की दोघांच्याही खात्यावर एकेक पडतो.
एकट्याला हात मिळवता येत नाही.
मग म्हटलं, माणसांऐवजी नाके घ्या, हातांऐवजी रस्ते.
रस्ता जिथे संपतो ते टोकही नाकाच,
एका रस्त्याचा.

नऊ दिवसांनी एक आवाज आला, इंजिनाच्या घरघरीत बसलेला.
तैस्तो हेइकुरा, मुक्काम कोर्वेनपेरा,
बर्फ काढायच्या गाडीवर.
पहाटे तीनपासून तुम्हीच असता सोबतीला, म्हणाला,
पण आमच्या गावात विषम नाके सात आहेत.
दोनदा मोजले. तुमचं चुकतंय.

मला इतका आनंद झाला
की वेन्लाला फोन करून उठवलं.
कुणीतरी खरंच मोजून पाहिलं होतं!

नकाशा मागवला. तो आला कॉफीच्या पुड्याच्या पाठीवर,
पेन्सिलीने, पक्क्या हाताचा,
तीस हिवाळे तीच वळणं घेतलेल्या.
नाक्यानाक्यावर ठिपका, टोकाटोकाला घराचं नाव.
मी मोजले. सात.
पुन्हा मोजले. सात.
पोटात खड्डा पडला, खोटं कशाला बोलू;
सिद्धता तोंडपाठ असली तरी
समोर सात उभे राहिले की माणूस हलतो.

मग गिरणीजवळच्या तिठ्यावर नजर अडकली.
मोजताना तिठा म्हणून मोजलेला,
पण तिसरी रेघ बोटभर जाऊन थांबलेली,
ठिपक्याशिवाय, नावाशिवाय.

विचारलं, ही कुठे जाते?

दोन आठवडे काहीच नाही.
दरम्यान मी अनंतावर एक भाग केला.
वाईट झाला.

मग निरोप. या वेळी इंजिन बंद.
तिथे भाऊ राहतो.
अकरा हिवाळे त्या फाट्यावर मी ब्लेड उचलून घेतो.
तो फावड्याने काढतो, त्याचं त्याचं.
लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं, थांबलं.
हिशेबात धरायलाच हवा का?

उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
गणित त्याची बाजू घेत नव्हतं, भावाचीही नाही.
रेघच पुसली तर तिठा तिठा राहत नाही,
उरतात सहा. सहा सम आहेत, सिद्धतेला पुरतात.
हे खरं होतं, म्हणून तेही लिहिलं.
सहा चालतील. आठ चालतील.
सात मात्र, तैस्तो, जगात कुठेच होत नाहीत.

फेब्रुवारी सरता सरता एवढंच आलं:
आठवा धरलाय. बर्फ कमरेएवढा होता.

दार उघडलं का, त्याने सांगितलं नाही.
तो दुसरा प्रश्न.

पुढच्या मंगळवारी कपाटात बसले,
अंधारात कुणाच्या तरी कोटाची बाही
मनगटाला लागली.
ती तशीच राहू दिली
आणि माइक सुरू केला:
मागच्या एका भागात
एक उदाहरण द्यायचं राहून गेलं होतं.