नारिंगी वायर

द्वारकेच्या सिग्नलवर गाडी बंद पडली नव्हती,
नुसती गप्प झाली होती.
मी मागे होतो, स्कूटर लावून धक्का द्यायला निघालो
तर आतल्या बाईंनी काच खाली केली :
अहो, चालू आहे.

एकतीस वर्षं मी कानावर पोट भरलं.
मुंबई नाक्याहून वळणारा टेम्पो
टॅपेटसाठी रडतोय की बेअरिंगसाठी,
हे चहाचा घोट न थांबवता सांगायचो.
आता पेट्रोललाही मळीचा वास येतो,
निफाडकडून वारा सुटल्यासारखा,
आणि जुन्या स्कूटरींचे रबरी पाइप
माझ्याकडे येतात भिजल्या हरभऱ्यासारखे फुगून.
दोष कुणाला द्यावा?
ऊस आपला. स्कूटरही आपलीच.

सातपूरला तीन दिवसांचा वर्ग होता.
शिकवायला दिघोळे आडनावाची पोरगी,
माझ्या थोरलीहून लहान.
म्हणाली, हिच्यात दोन जीव आहेत,
कोण कधी जागा होईल ते गाडीच ठरवते.
नारिंगी वायरीला हात लावायचा नाही.
घड्याळ काढा. साखळी काढा.
अंगठी काढा.

अंगठी निघेना.
बोटच जाड झालेलं, पान्याने नि वयाने.
साबण झाला, दोरा झाला,
अख्खा वर्ग माझ्या बोटाकडे बघत बसला.

संध्याकाळी सुनंदा गांगुर्डेच्या गाड्यावर गेलो.
तिथे जळक्या तेलाचा डबा असतो,
दर गुरुवारी सिन्नरचा टेम्पो येऊन मोजून नेतो.
याचं डिझेल करतात म्हणे, ती म्हणाली,
उद्या माझ्या भज्यांवर एसटी धावेल बघा.
आणि माझं बोट डब्यात बुचकळून
तिने अंगठी उलट्या आट्याने फिरवली,
गंजला बोल्ट मी काढतो तशी.
निघाली.
खाली पांढरा पट्टा, लग्नापासून ऊन न पाहिलेला.

घरी हिच्या हातात ठेवली.
हिने हुंगली. भजी खाऊन आलात?
नाही, म्हटलं, डिझेल आहे ते.

तिसऱ्या दिवशी जाड रबरी मोजे चढवले,
बॉनेट उघडलं, सवयीने कान नेला.
काही नाही.
मग फार आत, एक पंखा,
झोपलेल्या बाळाच्या नाकासारखा.
काका, काय ऐकताय? दिघोळेने विचारलं.
म्हटलं, बोलू नकोस जरा.