दुडकी

विजापूर वेशीपाशी, चिंचेखाली,
दस्तगीर नालबंदाची ऐरण होती.
शाळा सुटली की दप्तर उशाला घेऊन
मी तिथंच पडून असायचे.
तो म्हणायचा, डोळ्यांनी घोडा बघतं ते गिऱ्हाईक,
आपण कानानं बघायचं.

आधी साधी चाल.
मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा,
चार ठोके, कुणाला कुणाची घाई नाही.
मी मांडीवर बोटं वाजवायचे.
"पळू नको. ओझं उतरवल्यासारखं वाजव, एकेक."

मग दुडकी. दोनच ठोके.
पुढचा डावा मागच्या उजव्याशी बांधलेला,
पुढचा उजवा मागच्या डाव्याशी,
आणि मध्ये चारही पाय अधांतरी,
सुईत दोरा ओवायलाही पुरायची नाही
एवढी उसंत.
घरी येऊन मी नायनाला सांगितलं,
तुझा माग दुडकतोय.
त्यानं कानाला हात लावला. काय?
मी पुन्हा सांगितलं नाही.

धावेत तीन ठोके, मग एक जागा रिकामी,
पंगतीतून कुणी उठून गेल्यासारखी.
चौखूर मी एकदाच ऐकलं:
गड्ड्याच्या दारूकामाला बिचकून
लग्नाचा एक घोडा मुंडावळ्यांसकट सुटला तेव्हा.
मोजता आलं नाही.
मोजायचं नसतं, दस्तगीर म्हणाला, बाजूला व्हायचं असतं.

रहवाल चाल तर मी ऐकलीच नाही.
त्याच्या आज्याकडे होती म्हणे तसली घोडी,
एका अंगाचे दोन्ही पाय बरोबर उचलणारी,
स्वाराच्या कपातला चहा हिंदकळत नसे.
तेव्हा चहा होता का, मी विचारलं.
त्यानं सांडशी दाखवली.

लग्नसराईत रात्री एकच्या पुढं
घोड्या परतायच्या साखर पेठेतून,
झुली उतरवलेल्या, वरातीतून मोकळ्या.
अंथरुणातून मी ओळखायचे,
ही लिंबाजीची म्हातारी, खूर घासत जाणारी,
ही हैदरची सुपारी.
त्या रात्री सुपारी दुडकत आली
आणि मी उठून बसले.
एक मोठा, एक बारका.
मोठा, बारका.
दोन जुळ्या बहिणींतली एक उपाशी असावी तसं.

सकाळी सांगितलं तर हैदर हसला.
गल्लीत चालवून दाखवली: कुठं काय?
दस्तगीर म्हणाला, दुडकव.
चालीत लंगडं लपतं,
चौखूर धावताना दुखणं मागं राहतं,
दुडकीतच पाय पायाला हिशेब मागतो.
हैदर लगाम धरून पळाला.
पुढचा डावा टेकला की सुपारीची मान वर,
उजवा टेकला की खाली.
हो म्हणत होती ती. कधीपासून हो म्हणत होती.

त्यानं खूर मांडीवर घेतला.
बाहेरच्या अंगाचा तिसरा खिळा, जिवाला लागलेला.
परवाच मारलेला, त्यानंच.
उपसला तेव्हा टोक ओलं होतं.
त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.
मीही बघितलं.
दिवाळीपासून थरथरत होता तो हात,
मला दिसायचा,
पण माझ्याकडे खातं कानांचं होतं.

हळद भरली. पैसे घेतले नाहीत.
"चार दिवस बांधून ठेव," म्हणाला,
आणि दुपारभर विझल्या भट्टीला भाता मारत बसला.

त्यानंतर खिळे ठोकताना
तो मला समोर उकिडवं बसवायचा.
नखात गेला तर टणक वाजतो,
जिवाकडे निघाला तर मऊ.
एक ठोका. माझ्याकडे नजर.
मी मान हलवायची. पुढचा ठोका.
येणारेजाणारे म्हणायचे, पोरीला हुनर शिकवतोय म्हातारा.
आम्ही दोघं काही बोलायचो नाही.

एकदा मी मान हलवली नाही.
हातोडी वरच राहिली,
दुडकीत चारही पाय जमीन सोडतात
तेवढाच वेळ.
मग त्यानं खिळा उपसला,
तिरपा करून बघितला,
आणि बोटभर बाहेर धरला.