पेत्स्का

यार्मिलाने कुत्री पाठवली बुटांच्या खोक्यातून.
सोबत वहीचं फाडलेलं पान:
"दिवसातून तीनदा खाणं. कांदा कधीच नाही.
पाय आखडला तर हात लावू नकोस, थांब."
खाली सही.
वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझी' नाही.
अकरा वर्षांनी बहिणीचं अक्षर पाहिलं,
तसंच अजून, काटेरी तारेसारखं.

चाळीस वर्षं मी कुलपं दुरुस्त केली.
टाबोरमधली निम्मी दारं मला आतून ठाऊक.
कुत्री नाहीत.
खोक्यातून आधी निघाले कान,
मग बऱ्याच वेळाने, कानांच्या मागोमाग, ती.
काळीभोर, भुवयांवर दोन तांबूस ठिपके,
पाय असे की वाटावं उरलेल्या सामानातून केलेत.
पिठाच्या काट्यावर ठेवली: दोन किलो सहाशे.
माझी हत्यारांची पिशवी हिच्या तिप्पट.

जात प्रागची. नाव उंदीरमार.
खाटीकवाली म्हणाली, "चिवावा ना?"
पोस्टमन म्हणाला, "चिवावा!"
आधी मी समजावून सांगायचो,
आता नुसती मान हलवतो.
जिन्यातल्या पोरीने विचारलं,
"मोठी झाल्यावर केवढी होईल?"
म्हटलं, "झाली."

तळघरात एकदा खरोखरच उंदीर दिसला तिला.
दोघं एकमेकांकडे पाहत राहिली,
दूरच्या नातेवाइकांनी लग्नात पाहावं तशी,
नाव आठवत नसताना.
मग उंदीर गेला आपल्या कामाला.

नोव्हेंबरात ती थरथरायला लागली.
फोन करावाच लागला.
"थरथरते."
"थंडीने. अंगावर मांस आहे कुठे?
स्वेटरची बाही काप."
"कुठल्या स्वेटरची?"
"तो हिरवा, आईने विणलेला. असेलच अजून.
तू कधी काही टाकतोस का?"
फोन आपटल्याचा आवाज.
स्वेटर होता.
कापताना हात जरा अडखळला, एवढंच.

त्यानंतर दर बुधवारी फोन.
माझी चौकशी नाही, माझ्या रक्तदाबाची तर नाहीच.
"जेवली? झोपते कुठे?"
मी सांगायचो, खुर्चीत.
दुलईत, माझ्या गुडघ्यामागच्या खळग्यात झोपते,
हे सांगायला जानेवारी उजाडला.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग, "माझ्याकडेही तिथेच," एवढंच.

पाय आखडतो तिचा, चालता चालता.
गुडघ्याची वाटी सरकते,
मग तीन पायांवर उड्या मारत जाते
जणू काही झालेलंच नाही.
कुलूपवाल्याचे हात शिवशिवतात अशा वेळी.
पण थांबतो, पानावर लिहिलंय तसा.
आठ पावलं, कधी वीस.
मग टक्क. बसतं जागेवर.
गंजलेली काही कुलपं अशीच असायची,
जोर लावला की किल्ली आतच मोडायची.

आमचं भांडण आलुबुखाराच्या झाडाचं.
वडिलांच्या बागेतलं. जमिनीसकट मी विकलं.
ती म्हणते, मी विचारलं नाही.
विचारलं होतं.
ती नाही म्हणाली होती.

मार्चमध्ये धीर करून मी विचारलं,
"हिचं नाव पेत्स्का का?"
पेत्स्का म्हणजे कोय. फळ खाऊन झाल्यावर
जे तोंडात उरतं ते.
म्हणाली, "त्या झाडाची शेवटची लावली होती कुंडीत.
वर्षभर पाणी घातलं. नाही रुजली.
त्याच आठवड्यात ही मिळाली."
मग लगेच, "कांदा देत नाहीस ना?"

रविवारी बसने पीसेकला गेलो.
वृद्धाश्रमाच्या दारावर पाटी: कुत्र्यांना मनाई.
मी पाटी वाचली, कोटाची बटणं लावली.
परिचारिका म्हणाली, "आजोबा, तुमचा कोट थरथरतोय."
म्हटलं, "थंडी आहे बाहेर."
बाहेर ऊन होतं. ती बाजूला झाली.

यार्मिला खिडकीपाशी, कुबडी मांडीवर आडवी.
केस पांढरे. तिने माझे पाहिले असतील.
बटण उघडलं, आधी निघाले कान.
तिने हात पुढे केला, माझ्याकडे न बघता,
दोन बोटांनी लोकर चाचपली,
आणि म्हणाली,
"बाही उलटी घातलीयस, ओल्द्रिख."