शुद्धिपत्र पुढील अंकी

झोम्बाच्या सरकारी छापखान्यात
शुक्रवारचं राजपत्र गुरुवारी रात्री माझ्या टेबलावर येतं.
हल्ली ओलं नसतं, शाईचा वासही नाही,
तरी सवयीने मी कोपऱ्यावर बोट फिरवून बघते.
बाहेर चिपेरोनी. हे भुरभुरं धुकं
तीन दिवस झाले, पठार सोडायला तयार नाही.
वॉचमन बेस्टनने कोळशावर चहा ठेवलाय.

सूचना क्रमांक एकशे बारा.
तमाम मतदारांस कळविण्यात येते की
प्रभागातील जागा रिक्त झाली आहे.
कशाने, ते लिहीत नाहीत.
राजपत्रात माणूस मरत नाही,
जागा रिक्त होते.
चार उमेदवार, चार चिन्हं: कंदील, सायकल, मडकं;
चौथ्याने छत्री मागितली होती, मिळाली खुर्ची.
मी खुर्चीचे पाय मोजते. तीनच छापलेत.
समासात लिहिते: चौथा लावा.
निवडून आला तर बसायला हवं ना त्याला.

एकशे तेरा. व्यापारचिन्हं.
ब्लांटायरची एक साबण कंपनी
एका माशावर हक्क सांगते आहे.
तोंड डावीकडे, खवले सात, वर्ग तीन.
कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.
सरोवरातल्यांना वाचता येत नाही, ते बरं.

मग एकशे चौदा, दोन रकान्यांत, बारीक टाइपात.
ज्या कंपन्यांनी विवरणपत्रं भरली नाहीत,
ज्यांना धाडलेली पत्रं परत आली,
त्यांची नावं आजपासून तीन महिन्यांनी
नोंदवहीतून कमी करण्यात येतील.
मी नावं वाचत नाही, अक्षरं वाचते.
बावीस वर्षांत एवढंच शिकले:
अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते.
चाळीस.
एकेचाळीस.
बेचाळीस: फात्सिनी ॲण्ड सिस्टर बोट वर्क्स लिमिटेड.

सिस्टर म्हणजे मी.

मंगोचीला, पाण्यापासून पन्नास पावलांवर
त्याने पत्र्याची शेड टाकली होती.
नोंदणीची फी मी भरली, पगारातून, दोन हप्त्यांत.
प्रमाणपत्राला फ्रेम केली, काच बसवली,
खिळा ठोकायला हातोड्या होत्या पाच, भिंत मात्र नव्हती.
आंब्याच्या झाडाला टांगलं.
तीन होड्या झाल्या. चौथीच्या फासळ्या उभ्या असताना
तो जोहान्सबर्गच्या बसमध्ये बसला, महिन्याभरासाठी म्हणून.
सहा वर्षं झाली. पहिली दोन फोन येई.
धाडलेली पत्रं परत आली.
हो, माझीही.

आमच्या भाषेत फात्सानी म्हणजे सौम्य राहा.
फात्सिनी म्हणजे काहीच नाही;
नोंदणी कार्यालयात कुणाचं तरी बोट घसरलं.

लाल पेनाचं टोपण कुठे गेलं कोण जाणे.
दुरुस्त केलं, तर तो खोडला जाईल
रीतसर, काना-मात्रेसकट, माझ्याच हातून.
नाही केलं, तर खोडला जाईल
एक जण, जो कधी नव्हताच
आणि ज्याला बहीणही नाही.

हरकत असल्यास लेखी कळवावी.
कुठल्या नमुन्यात?

बेस्टन कप ठेवतो. "झालं, मॅडम?"
"झालं."
शेवटच्या पानावर मी सही करते:
तपासले, बिनचूक.
चहात आज साखर जास्त आहे.

कुणाच्या तरी ध्यानात येईलच.
मग पुढल्या शुक्रवारी, किंवा त्याच्या पुढल्या,
तळाशी दोन ओळींची चौकट:
क्रमांक बेचाळीस येथील नाव असे वाचावे.
तीही माझ्याच टेबलावर येईल,
आणि तीन महिने तिथून नव्याने मोजायचे.

तोवर आंब्याच्या झाडावर, काचेमागे,
ओल शिरून कोरा पडलेला एक कागद
हलतो आहे.
कंपनी, कायद्याने, चालू आहे.