पातेल्यावरचं नाव

तांबोळीबाईंनी दिलेल्या यादीत
अकरा जागा होत्या, प्रत्येकीपुढे मिनिटं.
खाली लाल शाईनं: उन्हात टोपी, फेणी नको,
आणि मासे खात नाहीस तर
पोईभाजी मिळते कुठंही, लाजू नकोस.

इचलकरंजीत यंत्रमागांचे हिशेब लिहिणारी मी
यादी पाळते.
सकाळी पणजीत पोई घेतली,
कोंडा माखलेली, आत पोकळ,
खिशासारखी उघडणारी.
टेबलं पुसणारा पोरगा कन्नड पुटपुटत होता,
गल्ल्यावरचा हिंदीत ओरडत होता,
मी मराठीत किंमत विचारली, उत्तर कोंकणीत आलं.
हिशेब बरोबर निघाला.

जुन्या गोव्यात, चर्चच्या थंड फरशीत
माणसं होती. वर कोरलेलं लॅटिन.
कवटी कळली, हाडांची फुली कळली,
नाव कळलं नाही.
चपला काढायच्या का, विचारणार कुणाला?
लग्नघरात रात्री झोपलेल्या पाहुण्यांमधून
माठाकडे जावं
तशी मी कडेकडेनं गेले.

पुढे किल्ला. पंचेचाळीस मिनिटं.
पण पिवळ्या मडगार्डचा पायलट कुस्तोद म्हणाला,
"बाय, किल्लो फाल्यां पळय.
आयज आमच्या खुरसाकडेन लदीन."
मी नाही म्हणेपर्यंत
मोटारसायकल फेरीबोटीत चढली होती.

दिवाडीला उतरलो.
इथला देव कधीकाळी पाणी ओलांडून नार्व्याला गेला,
त्यानं हँडल सोडून तिकडे हात केला,
जणू शेजारी घर बदलून गेलाय
आणि पत्ता याच्याकडे ठेवलाय.

रस्त्याकडेचा खुरीस, ताजा चुना लावलेला.
मेणबत्त्या खोबणीत वाकत होत्या मे महिन्याच्या उकाड्यानं.
आबोलीची माळ आणली शेजारच्या शेवंती नायकांनी,
त्याच चढल्या पायरीवर, त्यांनीच घातली.
गावच्या शिंप्यानं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं.
मग सगळे गाऊ लागले,
आणि शेवंतीबाईसुद्धा, डोळे मिटून,
"ओरा प्रो नोबीस".
अर्थ विचारला तर म्हणाल्या,
"चाल येते गं. अर्थ इस्पेरांसाला विचार."
इस्पेरांसा म्हणाली, "पाद्रीक विचार."

तिच्या स्वयंपाकघरातून सोरपोतेलचा आंबूस, तिखट वास.
मी खात नाही म्हटल्यावर
तिला वाईट वाटलं नाही, फक्त घाई झाली:
उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या,
काळ्या गुळाचं दोदोल, बोटाला चिकटणारं.
हुर्राक म्हणजे फेणी नव्हे, हे कुस्तोदनं पटवलं.
लाल शाईत हुर्राकाचं काही नव्हतं.

चण्यांचं पातेलं तळाला गेलं
तेव्हा काठावर अक्षरं दिसली.
"कितें बरयलां गो?" इस्पेरांसानं विचारलं.
ती रोमीत वाचते, प्रार्थनाही, दुकानाची उधारीही.
बारा वर्षं या पातेल्यात चणे उकडत होती.
मी पदरानं राख पुसली आणि
वाचलं, जरा मोठ्यानं, शाळेत वाचतात तसं:
"चि. सौ. कां. शेवंती हिस,
लग्नानिमित्त, मामाकडून. बांदिवडे."
पुढचं साल घासून गेलेलं.

क्षणभर कुणी चणा चावला नाही.
"अगो, हें तुजें?"
शेवंतीबाई खो खो हसल्या.
"मामा तांब्याचं देतो म्हणाला होता.
पितळेचं दिलं मेल्यानं!
असू दे. आमच्या चुलीवर बसत नाही ते."
आणि दोघी ते दोन्ही कानांना धरून
विहिरीकडे घेऊन गेल्या,
वाद घालत, विसळायचं कुणी.

शेवटच्या फेरीत मी एकटी बाई.
पाण्यावर दिवे, इंजिनाची धडधड,
पर्समध्ये कागदाच्या पुडीत कोमट चणे.
तांबोळीबाई विचारतील, किल्ला कसा होता.
एक चणा तोंडात टाकला.
मीठ थोडं जास्तच झालं होतं.