सबसिस्टिम वाढवताना

शिरोलीच्या फाउंड्रीत रविवारी रात्री
भट्टी उतरली तरी मशीन उतरत नव्हतं.
बॅकअपची टेप तोंडात धरून
काळी पेटी नुसती घुमत बसलेली.
मी वहीत लिहिलं: कमांड दिली, दहा पाच.
बंद झालं, दहा बावन्न.
मागच्या आठवड्यात दहा अठ्ठेचाळीस.
त्याच्या मागच्या आकड्यावर चहाचा डाग.

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला,
"इमिजिएट टाका ना मॅडम, एका दमात जाईल."
जातं, मला माहीत आहे.
एकदा टाकलं होतं. तीन दिवस
दोन लॉऱ्यांचा माल कागदावर सापडत नव्हता.

मग एकेक जॉब उघडून बघत गेले.
चारशे बारा. निघता निघता प्रत्येक जण
आपली कैफियत लिहून ठेवत होता:
कधी आलो, कुठली फाइल मागितली,
कोणी अडवलं, किती ताटकळलो.
कुणीच न वाचायची चारशे बारा पत्रं
आणि दार एकच.
आमची कागलची आत्या अशीच निघते,
चप्पल पायात घालून उंबऱ्यावर पाऊण तास.
मी सांगून टाकलं, तक्रार असेल त्यानंच लिहा.
बाकीच्यांनी या.

पुढच्या रविवारी दहा अकराला सगळे गेले.
एक सोडून.

वजनकाटा, गेट दोन.
"आवरा की मगदूमकाका, बंद करायचंय."
"अगं, गाडी रिकामी तोलली, आत भराय गेलीया.
भरल्यालं वजन झाल्याबिगर सोडू कसं?"

प्रोग्रॅम काढून पाहिला. सत्त्याण्णव साली
कुणा हेर्लेकरांनी लिहिलेला. ते आता कुठं असतात,
ऑफिसात कुणाला ठाऊक नाही.
वर एक ओळ, इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
गाडी बाहेर पडेपर्यंत रेकॉर्ड सोडू नये.
चूक आहे. माणसाची वाट बघताना
कुलूप हातात धरून बसायचं नसतं,
हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं.
उद्या सुट्टी. मंगळवारी दुरुस्त करीन,
दहा ओळींचं काम.

पण त्या रात्री कर्सर
त्या एका शब्दापाशी लुकलुकत राहिला.
पडद्यावर तो 'एंड' आहे.
आमच्या गल्लीत दुकान बंद करत नाहीत, वाढवतात.
फुटलेली बांगडीसुद्धा वाढवली म्हणतात.

अवधी टाकला: बाराशे सेकंद.
एसीचा गार झोत पावलांवर. खिडकीबाहेर
कोमट वाळूच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं,
आणि लांबच्या गुऱ्हाळाचा वास,
येतोय म्हणावं तर येतोय.

दहा एकोणतीसला
पडद्यावरची एक ओळ कमी झाली, एवढंच.
मग फोन वाजला.
"सोळा टन दोनशे चाळीस," तवनाप्पा मगदूम म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.
"वाढव आता."